सिंधूकाठचे स्कीन आणि नातेपुत्याचे पोपट

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा बनसोडे गळ्यात दुर्बीण अडकवून खिडकीशी बसले होते. बाहेर बघण्यासारखं काय होतं, तर तारेवर एक वेडा राघू आणि पाण्याच्या टाकीवर चार कावळे. तरी त्यांनी दोन्हीकडे दुर्बीण रोखली. समोरच्या सीटवरच्या बाई आधी घाबरल्या, मग पदर सावरून बसल्या.

बनसोडे म्हणजे माझा नवरा. लग्न झाल्यापासून मी त्यांना आडनावानं हाक मारते आणि ते मला ‘सिस्टर’ म्हणतात, कारण मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या सासूबाईंना हा प्रकार शेवटपर्यंत पसंत पडला नाही. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर बनसोड्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला ते इतक्या वेळा गेलेत की तिथले काळवीट त्यांना तोंडानं ओळखत असतील. माळढोक मात्र एकदाही दिसला नाही. मग त्यांनी ठरवलं की जिल्ह्यातला पक्षी दाद देत नाही, तर लडाखला जाऊन काळ्या मानेचा क्रौंच बघायचा. उन्हाळ्यात तो तिथल्या पाणथळ जागी पिल्लं वाढवायला येतो म्हणे.

मला पक्ष्यांत रस नाही. आपण बघायला जावं आणि त्यांनी उडून जावं, यात काय मजा आहे? मला दगडांवरची चित्रं बघायची होती. सिंधू नदीच्या काठाला त्या थंड वाळवंटात हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कातळावर जनावरं कोरून ठेवली आहेत. ती जागेवर थांबतात. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला जागेवर थांबणाऱ्यांबद्दल आपुलकी वाटते.

लेहच्या विमानतळावर उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपल्याला श्वास घ्यावा लागतो. सोलापुरात तो आपोआप येतो. इथं बॅग उचलली की तो संपतो आणि मग उभं राहून त्याची वाट बघावी लागते. मी बनसोड्यांना पहिले दोन दिवस खाटेवरून हलू दिलं नाही. ते गच्चीवर जाऊन पक्षी बघतो म्हणाले, मी म्हटलं, झोपूनच बघा, दिसतील. आणि खरंच, खिडकीत एक काळा-पांढरा, लांब शेपटीचा ऐटबाज पक्षी आला, त्यांच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि गेला. तो मॅगपाय होता. बनसोडे इतके खूश झाले की दुसरं बिस्किट त्यांनी मुद्दाम खिडकीत ठेवलं. ते एका चिमणीनं नेलं. तिच्याबद्दल त्यांना काही वाटलं नाही.

आमच्या गाडीचा चालक स्टॅन्झिन नावाचा चाळिशीतला गृहस्थ होता. हिंदी छान बोलायचा, पण कमी. सकाळी भेटला की ‘जुले’ (नमस्कार) आणि संध्याकाळी निघाला की ‘जुले’, मधे जे काही बोलायचं ते रस्त्याशी. त्याच्या लेहमधल्या घरी पहिल्यांदा गुरगुर चहा (मीठ आणि लोणी घातलेला चहा) प्यायले. चहा म्हणून प्यायला तर फसवणूक होते. पातळ कढण म्हणून प्यायला की बरा लागतो. बनसोड्यांनी दोन कप घेतले आणि तिसऱ्याला पाहुण्यासारखा हात आडवा धरला. स्टॅन्झिनच्या आईनं तो हात बाजूला करून कप भरला. मला बाई आवडली.

लेहमध्ये चांगले रुळल्यावर आम्ही सिंधूच्या काठाकाठानं वर निघालो. हा प्रदेश कसा आहे ते सांगते. मोठ्या माणसानं रागानं खोलीतलं सगळं सामान बाहेर फेकावं आणि नुसत्या भिंती ठेवाव्यात, तसे डोंगर. झाड नाही, गवत नाही. रंग मात्र असे की जांभळ्या भिंतीशेजारी हिरवी, हिरवीशेजारी विटकरी. त्या सगळ्या रखरखाटातून खाली एक दुधी हिरवी नदी चाललेली. आमच्याकडे उन्हाळ्यात सीना नदी कोरडी पडते, तिच्यापेक्षा हे दृश्य जास्त गोंधळात टाकणारं आहे. एवढं पाणी आणि काठावर काही नाही.

चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथं नदीच्या कडेला जमिनीतून वाफ निघते आणि लोक त्यात अंडी उकडतात. बनसोड्यांनी एक अंडं दोरीनं बांधून सोडलं. दोरी वर आली, अंडं नाही. शेजारच्या धाब्यावर थुकपा (भाज्या घातलेलं शेवयांचं गरम कढण) खाऊन आम्ही मुक्कामाला गेलो. झोपायच्या आधी बनसोड्यांनी स्टॅन्झिनला विचारलं, “उद्या दिसेल ना क्रौंच?”

“थुंगथुंग?” स्टॅन्झिन म्हणाला. त्यांच्या भाषेत त्या पक्ष्याला असं म्हणतात. “आगे दलदल में दो रहते हैं. बच्चा भी है.”

बनसोड्यांना त्या रात्री झोप लागली नसावी. मला लागली.

सकाळी आधी दगड, मग दलदल असं ठरलं. हा निर्णय माझा होता, हे नमूद करून ठेवते.

रस्ता सोडून नदीकडे थोडं उतरलं की काळेभोर, गुळगुळीत कातळ पसरलेले दिसतात, ऊन खाऊन खाऊन तेल लावल्यासारखे झालेले. लांबून त्यांच्यावर काही नाही. जवळ गेलं आणि उन्हाची तिरीप बदलली की एकदम सगळा दगड चालायला लागतो. स्कीन! स्कीन म्हणजे इथली रानबोकडं, पाठीवरून मागं वळलेल्या लांबलचक शिंगांची. एकामागं एक, लहान, मोठी, काही उड्या मारणारी. त्यांच्यामागं धनुष्य ताणलेली माणसं. बोकडं इतकी जिवंत की कान हलतील असं वाटतं आणि माणसं मात्र काडेपेटीतल्या काड्या. ज्यानं हे कोरलं त्याला माणसात फारसा रस नव्हता. त्याचं आणि बनसोड्यांचं जमलं असतं.

एका मोठ्या कातळावर बोकडांच्या कळपावरच कुणीतरी नंतर स्तूप कोरला होता. पायऱ्या, घुमट, वर छत्र, सगळं नीटनेटकं. स्तूप दिसल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. मग बघितलं तर स्तूपाच्या पायथ्याखालून एका बोकडाचे मागचे दोन पाय बाहेर आले होते. आम्ही बौद्ध, म्हणजे हा आमच्याच लोकांचा पराक्रम. हात जोडलेलेच ठेवले, पण बोकडाचीही मनातल्या मनात क्षमा मागितली.

तेवढ्यात कातळाच्या पलीकडून आवाज यायला लागला. टक, टक, टक. बनसोडे कुजबुजले, “सुतार असेल.”

“झाड कुठंय इथं?”

“दगडावरचा असेल,” ते म्हणाले आणि दुर्बीण उघडत, वाकून, दबक्या पावलांनी निघाले. मी मागं, माझ्यामागं स्टॅन्झिन. कातळाला वळसा घातला तर समोर लाल जॅकेट घातलेला एक दणकट माणूस उकिडवा बसलेला. हातात टोकदार दगड. तो बोकडांच्या शेजारी, चांगल्या ठसठशीत देवनागरीत, स्वतःचं नाव कोरत होता. ‘पोप’ इथपर्यंत आला होता. शेजारी त्याची बायको मोबाइल धरून उभी आणि म्हणत होती, “बारीक काढा की जरा. माझं नाव कुटं मावायचं मग?”

मराठी! एवढ्या उंचीवर, एवढ्या वाळवंटात, तीही आमच्याच जिल्ह्याच्या बोलीतली. माझा वॉर्डातला आवाज निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पूर्ण ताकदीनं बाहेर पडला.

“ए! काय चाललंय? ठेवा तो दगड खाली!”

माणूस दचकून मागं बसला. मग त्याच्या तोंडभर आनंद पसरला.

“आरं! तुमी मराठी? कुठलं म्हनायचं?”

“सोलापूर. शुक्रवार पेठ. आणि तो दगड—”

“आगं कल्पे, सोलापूरचं हायती ही! आमी नातेपुत्याचं. पोपट म्हनत्यात मला. पाइपचं दुकान हाय आपलं, ठिबकचं समदं मिळतंय. कंपनीनं टूर दिलीया.”

बनसोड्यांनी दुर्बीण खाली केली आणि हळूच मला म्हणाले, “पक्षी तर निघालाच.”

मी हसले नाही. म्हटलं, “पोपटराव, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे. यावर नाव कोरायला काही वाटत नाही?”

“वाटतंय की,” पोपटराव म्हणाले. “म्हनूनच कोराय लागलो. लग्नाला पंचवीस वर्सं झाली आमच्या. आता मला सांगा, ह्यांनी शेरडं कोरली ती चालतंय. मागनं कुनीतरी त्यावर देऊळ काढलं त्ये बी चालतंय. आन् म्या कोरलं की गुन्हा?”

वाद बरोबर जागी आला होता, कारण ‘देऊळ’ आमचं होतं. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात स्टॅन्झिन पुढं झाला. त्यानं पोपटरावांच्या हातातला दगड काढून घेतला, नदीच्या दिशेनं लांब फेकला आणि परत येऊन हात झटकले. मग म्हणाला, “ये हमारा गाँव है.”

पोपटरावांची मान खाली गेली. कल्पनाताईंना कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी झटक्यात पिशवी उघडली आणि एका डब्यातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. “घ्या वो ताई, घरची हाय.” आता मी रागावलेली होते हे खरं. पण कित्येक दिवस थुकपा खाल्ल्यावर समोर शेंगांची चटणी आली तर राग कुठं ठेवायचा? मी तो बाजूच्या दगडावर ठेवला आणि भाकरी घेतली. स्टॅन्झिननं चटणीची चिमूट तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत मान डोलावली.

खाताना मी पोपटरावांकडे बघत होते. ते खात नव्हते. भाकरीचा तुकडा हातात धरून खोकत होते, कोरडा, चिवट खोकला, आणि दोन शब्दांमध्ये थांबत होते. दगड फोडून दमले असतील म्हणावं, तर त्याला बराच वेळ झाला होता.

“लेहला किती दिवस राहिलात आधी?” मी विचारलं.

“कुटलं वो,” कल्पनाताई म्हणाल्या. “उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच तळ्याला गेलो. तवापासनं डोकं दुकतंय त्यांचं. रात्री बसून ऱ्हायले. म्हनत्यात, वारं लागलंय.”

रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर माझ्या पिशवीत होता, तो मी पोपटरावांच्या बोटाला लावला. आकडा बघून बोट बदललं. मग माझं स्वतःचं बोट घातलं, यंत्र बिघडलंय का ते बघायला. यंत्र ठीक होतं. पोपटरावांचे ओठ, जे मला इतका वेळ थंडीनं काळे वाटत होते, ते थंडीनं काळे नव्हते. पाठीला कान लावला तर आत पिठाच्या गिरणीत पाणी शिरल्यासारखी खरखर. उंचीमुळे फुप्फुसात पाणी साचतं म्हणतात, ते हेच.

“उठा. आत्ताच्या आत्ता खाली जायचं.”

“आवो म्याडम, काय झालं न्हाय,” म्हणत ते उठायला गेले आणि गुडघ्यावर बसले ते बसलेच. त्यांच्या तोंडावरचा विनोद गेला. ते बायकोकडे बघायला लागले, जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं तसं.

त्यांची गाडी पंक्चर काढायला पुढच्या गावात गेली होती आणि फोनला रेंज नव्हती. बनसोडे आणि स्टॅन्झिन यांनी पोपटरावांना दोन्ही बाजूंनी धरून वर आमच्या गाडीत घातलं. ते वजन सांगत नाही, फक्त एवढंच की बनसोडे निवृत्तीनंतर इतके कधी राबले नव्हते. गाडीत प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर होता. मी पोपटरावांना मास्क लावला, पुढं बसलेल्या बनसोड्यांच्या मांडीत तो सिलिंडर दिला आणि म्हटलं, “हा सोडायचा नाही. काहीही झालं तरी.”

“नाही सोडत, सिस्टर.”

पाठीमागं मी आणि कल्पनाताई, मधे पोपटराव. कल्पनाताई रडल्या नाहीत. नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून सारख्या बोलत होत्या. घरी गेल्यावर दुकानाचं शटर रंगवायचं, पोरीला स्थळ बघायचं, विहिरीवरची मोटार. मधेच थांबून मला हळूच विचारलं, “ताई, वाचत्याल न्हवं?”

वॉर्डात या प्रश्नाला नर्सचं एक ठरलेलं उत्तर असतं. मी ते दिलं नाही. म्हटलं, “आपण वेळेत पोचतोय. तुम्ही बोलत राहा.”

खरं सांगायचं तर त्या तासाभरात माझ्या डोक्यात एकच भलतासलता विचार होता. हा माणूस गेला तर त्याची निशाणी म्हणून या वाळवंटात ‘पोप’ एवढंच राहणार. पुढं कुणी विद्वान येईल आणि ख्रिस्ती धर्मगुरू इथपर्यंत आले होते असा शोध लावील. मला हसू आलं आणि त्याच वेळी माझी बोटं पुन्हा त्यांची नाडी शोधायला लागली. दोन्ही एकदम होतं, हे नर्स लोकांना माहीत असतं.

लेहपर्यंत तो सिलिंडर पुरला नसता, म्हणून खाली जायच्या आधी पुढं जावं लागलं; जवळचं आरोग्य केंद्र दलदलीच्या पलीकडच्या गावात होतं. तिथल्या डॉक्टर एक तरुण लडाखी बाई होत्या. त्यांनी एक नजर टाकली, पोपटरावांना मोठ्या सिलिंडरवर घेतलं, इंजेक्शन दिलं आणि मला विचारलं, “सिस्टर?” मी मान हलवली. त्यानंतर आम्हा दोघींना एकमेकींशी फार बोलावं लागलं नाही. दुपारी रुग्णवाहिका त्यांना घेऊन लेहकडे निघाली. कल्पनाताई आत, आम्ही मागं. जसजसं खाली उतरत गेलो तसतसा त्यांचा फोन येत राहिला. “ओठ लाल झालं ताई.” मग थोड्या वेळानं, “पानी मागितलं.” आणि उजेड असतानाच, लेह जवळ आल्यावर, “शिव्या द्याय लागल्यात डायवरला.” मी फोन ठेवला आणि गाडीच्या काचेला डोकं टेकलं.

तेव्हा बनसोडे पुढच्या सीटवरून, मागं न बघता म्हणाले, “सिस्टर, मला क्रौंच दिसले.”

“कधी?”

“सकाळी. दलदलीतून जाताना. रस्त्याच्या अगदी कडेला होते. दोघं, आणि मधे ते पिवळसर पिल्लू. इतके जवळ की दुर्बीण लागली नसती.” मग म्हणाले, “लागली असती तरी हात कुठं मोकळे होते?”

“मग सांगायचं होतंत की!”

“सांगून काय? गाडी थांबवली असतीस?”

“नाही.”

“तेच,” ते म्हणाले. “मादी पिल्लाला भरवत होती. मान अशी खाली केली तिनं.” आणि त्यांनी स्वतःची मान खाली करून दाखवली. स्टॅन्झिननं आरशातून बघितलं. “थुंगथुंग,” तो गंभीरपणे म्हणाला.

बनसोड्यांच्या या पक्षीवेडाची मी इतकी थट्टा केलीये की घरात तो एक उद्योगच आहे. त्या संध्याकाळी केली नाही. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी पाण्याची बाटली मागते आहे, त्यांनी ती दिली. मी प्याले.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही लेहच्या दवाखान्यात गेलो. पोपटराव उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, तोंडावर रंग. मला बघून हात जोडले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग कल्पनाताई डबा धुवायला गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“म्याडम, त्ये दगडावरचं पुसता येतंय का?”

“नाही येत.”

“कशानंच न्हाय?”

“कशानंच नाही. पुसायला गेलं तर शेजारची बोकडं जातील.”

“म्हंजे ऱ्हायलंच की त्ये. मी गेल्यावर बी.”

“तुम्ही गेल्यावर, मी गेल्यावर. नातेपुतं गेल्यावरही.”

पोपटरावांनी नाकातली नळी नीट बसवली. मला वाटलं, आता पश्चात्तापाचं काहीतरी येईल आणि मी तो मोठ्या मनानं स्वीकारीन. तशी तयारीही केली.

“मग पुरं तरी करू द्याचं हुतं की वो,” ते म्हणाले. “आन् तिचं तर आलंच न्हाय.”

मी त्यांना चांगलं झापलं. ते मान हलवत ऐकत राहिले. पण बाहेर पडताना त्यांचं शेवटचं वाक्य काही माझ्या डोक्यातून निघेना. माझा निकाल बदललेला नाही. पुन्हा कुणी तिथं दगड उचलताना दिसला तर मी पुन्हा तसंच ओरडीन. फक्त आता एवढं कळतं की ते नाव लिहिताना तो माणूस खोटारडा नव्हता. ते बोकड कोरणारेही नसावेत.

सोलापुरात उतरलो तर ऊन डोक्यावर घणासारखं आणि श्वास फुकटचा. इतका भरपूर की पहिला दिवस मी नुसती तो घेत बसले. दुसऱ्या दिवशी समोरच्या लक्ष्मीबाई फोटो बघायला आल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्हीकडे हातमाग, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. फोटोंमध्ये डोंगर होते, मॅगपाय होता, स्टॅन्झिनची आई होती. दगडांचा एकही नव्हता. फोटो काढायच्या आधी मी ओरडायला गेले होते, आणि नंतर सगळे हात कामाला लागले.

“मग त्ये बोकड कसं होतं?” त्यांनी विचारलं.

सांगून कळेना. शेवटी घरातून खडू आणला आणि दारातल्या शहाबादी फरशीवर बसले. शाळेनंतर चित्र काढलं नव्हतं. कुठून सुरू करावं समजेना, पण हात आपसूक शिंगांपाशी गेला. डोक्याच्या आधी, अंगाच्या आधी शिंगं, पाठीवरून लांबलचक मागं वळलेली. ती मनासारखी झाल्यावर त्यांच्याखाली अंग जमवलं, पाय कसेबसे आले, एक पाय तर आलाच नाही.

लक्ष्मीबाईंनी मान वाकडी करून बघितलं. “मेका,” त्या म्हणाल्या (तेलुगूत शेळी).

“मेका नव्हे हो. शिंगं बघा.”

त्यांनी शिंगं बघितली. वाकून, डोळे बारीक करून, बराच वेळ. गुडघ्यावर हात टेकून सरळ झाल्या आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.

“सरका,” म्हणाल्या, “चौथा पाय मी काढते.”